दाखल-खारीज आणि एकच पासवर्ड

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलाचा वरचा खण उघडला की शिक्क्याच्या पॅडशेजारी एक वही सापडते. पगाराचं ‘शालार्थ’, शाळेच्या माहितीचं ‘यू-डायस प्लस’, विद्यार्थ्यांच्या नोंदींचं ‘सरल’, प्रशिक्षणांचं ‘दीक्षा’, पोषण आहाराची रोजची संख्या भरायचं ॲप, शिवाय तालुक्याहून मध्येच येणारी एखादी नवी लिंक. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, पासवर्ड वेगळा आणि ओटीपी कुणाच्या तरी मोबाइलवर. पुष्कळदा तो मोबाइल बदलून गेलेल्या सरांचा असतो. बीड जिल्ह्यात गेवराईहून आष्टीला बदली झालेल्या सरांना भर वर्गात फोन जातो, “सर, तेवढा ओटीपी सांगता का?” आणि सरही सांगतात, कारण त्यांच्या नव्या शाळेचा ओटीपी तिसऱ्याच कुणाकडे अडकलेला असतो.

सरकारी पोर्टलांचं हे दुखणं शाळेच्या हातातलं नाही. केंद्र सरकारने त्यावर उपाय म्हणून ४ जुलै २०२२ रोजी गांधीनगरात ‘मेरी पहचान’ ही सेवा सुरू केली. जन परिचय, ई-प्रमाण किंवा डिजिलॉकर यांपैकी एका खात्याने अनेक सरकारी सेवांत शिरता यावं, ही तिच्यामागची कल्पना. वहीतली पानं तेवढ्याने लगेच कमी होत नाहीत. पण संस्थेच्या स्वतःच्या आवारात जे प्रोग्राम चालतात, त्यांचं काय करायचं हे संस्थेच्या हातात असतं. एकदा लॉगिन केलं की सगळीकडे ओळख पटावी, या सोयीला ‘सिंगल साइन-ऑन’ म्हणतात. संगणकवाले तिला एसएसओ म्हणून मोकळे होतात. ती स्वतःच्या छोट्या सर्व्हरवर उभी करता येते आणि त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. यंत्र बसवणं हा त्यातला सोपा भाग आहे. कोण आपला, कोण गेला आणि हे कुणी ठरवायचं, हा अवघड भाग, आणि या प्रकरणातली बरीच पानं त्यालाच जाणार आहेत.

आधी थोडं मागे जाऊ. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९८३ साली ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू झाला. डिजिटल आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीने सगळ्या आवारात विद्यार्थ्यांसाठी संगणक मांडायचे होते. कुठल्याही संगणकावर कुणीही बसावं आणि त्याला आपल्या फायली मिळाव्यात, अशी योजना. अडचण अशी की, तारांवरून पासवर्ड पाठवला तर मधला कुणीही तो वाचू शकतो. त्यातून ‘केर्बेरॉस’ ही पद्धत जन्मली. पासवर्ड तारेवर जाणारच नाही. एक मध्यवर्ती सर्व्हर ओळख पटवून ठरावीक मुदतीचं तिकीट देईल आणि बाकीच्या सेवा त्या तिकिटावर विश्वास ठेवतील. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये हीच पद्धत घेतली, त्यामुळे जगभरातल्या लाखो कचेऱ्या नकळत तिच्यावर चालतात. एका संस्थेच्या तारांबाहेर, म्हणजे वेबवर, तिचा फारसा उपयोग नव्हता. त्यासाठी मार्च २००५ मध्ये ‘सॅमल’ची दुसरी आवृत्ती आली आणि २६ फेब्रुवारी २०१४ रोजी ‘ओपनआयडी कनेक्ट’. विद्यापीठांनी यांतली सॅमल उचलली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने देशातल्या महाविद्यालयांसाठी ‘इन्फेड’ ही ओळखीची साखळी तिच्यावरच बांधली, ज्यामुळे प्राध्यापकाला घरबसल्या आपल्या महाविद्यालयाच्या नावाने संशोधनपत्रिका वाचता येतात. आज नव्याने काही उभं करणाऱ्याने मात्र सरळ ओपनआयडी कनेक्ट धरावं.

आता बीडकडे. तुम्ही शिक्षक असाल तर अशा ओळख पटवणाऱ्या सर्व्हरशी तुमची गाठ आधीच पडलेली आहे. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला की उघडतं ते ‘दीक्षा’, ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षक दिनी, सुरू झालं. ते ‘एकस्टेप फाउंडेशन’च्या ‘सनबर्ड’ या मुक्त सॉफ्टवेअरवर उभं आहे आणि सनबर्डमध्ये लॉगिनचं काम ‘कीक्लोक’ नावाचा प्रोग्राम करतो. वडवणीतल्या शिक्षिकेने प्रशिक्षणासाठी ‘दीक्षा’त खातं उघडलं, तेव्हा मागे याच जातीचं यंत्र चालत होतं. कीक्लोक रेड हॅट कंपनीत तयार झाला, २०१४ मध्ये बाहेर आला आणि एप्रिल २०२३ पासून क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली आहे. कोट्यवधी खाती सांभाळणारा तोच प्रोग्राम एखाद्या शाळेच्या कपाटावरच्या संगणकातही चालतो, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत लोभस वास्तव वाटतं.

उदाहरणासाठी एक संस्था डोळ्यांसमोर आणू. अंबाजोगाई तालुक्यात कुठेतरी. एक माध्यमिक शाळा, एक कनिष्ठ महाविद्यालय, एक ग्रंथालय. सत्तरेक शिक्षक-कर्मचारी, हजाराच्या आसपास विद्यार्थी. प्रश्नपत्रिका आणि परिपत्रकं ठेवायला ‘नेक्स्टक्लाउड’, धडे आणि चाचण्यांसाठी ‘मूडल’, ग्रंथालयासाठी ‘कोहा’. तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर, तिन्हींचे पासवर्ड वेगळे. तिन्हींना बाहेरच्या सर्व्हरकडून ओळख घ्यायची सोय आहे.

ती ओळख कशी दिली-घेतली जाते, हे शाळेच्या कचेरीत बसून नीट कळतं. दुसऱ्या गावातून आलेला मुलगा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येतो. क्लार्क त्याच्या जुन्या शाळेत जाऊन चौकशी करत नाही. दाखला कुणी दिला, तो कुणाच्या नावाचा आहे, जनरल रजिस्टरचा नंबर काय, तारीख काय आणि खाली सही-शिक्का आहे की नाही, एवढं तो बघतो. ओपनआयडी कनेक्टमध्ये सर्व्हर असाच दाखला देतो. त्याला ‘आयडी टोकन’ म्हणतात. त्यात देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता असतो, माणसाचा न बदलणारा क्रमांक असतो, तो कोणत्या प्रोग्रामसाठी दिला आहे ते असतं आणि किती वाजेपर्यंत चालेल तेही असतं. शिक्क्याच्या जागी गणिती सही असते. ती फक्त ओळख-सर्व्हरच करू शकतो, पण खरी की खोटी ते कुणीही ताडून पाहू शकतो.

पडद्यामागे होतं ते असं. शिक्षिका नेक्स्टक्लाउड उघडतात. नेक्स्टक्लाउड पासवर्ड विचारत नाही, ब्राउझरला ओळख-सर्व्हरकडे पाठवून देतो. तिथे लॉगिनचं पान येतं, पासवर्ड तिथेच दिला जातो. खातरजमा झाली की ओळख-सर्व्हर ब्राउझरच्या हाती एक छोटा कोड देऊन त्याला नेक्स्टक्लाउडकडे परत धाडतो. हा कोड एकदाच चालतो आणि थोड्या वेळात मरतो. नेक्स्टक्लाउड तो कोड घेऊन, ब्राउझरला मध्ये न घेता, थेट ओळख-सर्व्हरशी बोलतो, स्वतःचं गुपित सांगतो आणि टोकन पदरात पाडून घेतो. दहा मिनिटांनी त्याच शिक्षिका मूडल उघडतात, तेव्हा ओळख-सर्व्हर त्यांना ओळखतो आणि पासवर्ड न मागता दुसरं टोकन देतो. या सगळ्यात नेक्स्टक्लाउडला, मूडलला, कोहाला पासवर्ड कधीच दिसत नाही. त्यातला एखादा उद्या फुटला तरी पासवर्डांची यादी चोराच्या हाती लागत नाही. ‘एकच पासवर्ड म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. अर्थात ओळख-सर्व्हरच फुटला तर सगळंच गेलं, तेव्हा त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही.

यंत्राची निवड. कीक्लोक जावामध्ये लिहिलेला आहे आणि त्याला मेमरी लागते; त्याच्या आणि त्याच्या डेटाबेसच्या संसाराला चार जीबी तरी असावी, आठ असेल तर बरं. सेकंडहँड बाजारात मिळणारा छोटा मिनी-पीसी पुरतो. तेवढाही नसेल तर ‘ऑथेलिया’ आहे. तो इतका हलका की रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही सहज चालतो. पण त्याची सगळी मांडणी एका मजकुराच्या फाइलमध्ये हाताने लिहावी लागते आणि एक रिकामी जागा चुकली तरी तो उठत नाही. माझा कल शाळेसाठी कीक्लोककडे आहे, कारण त्याला माउसने चालवायचं पान आहे आणि तुमच्यानंतर येणाऱ्या क्लार्कला ते वापरता येईल.

कीक्लोक दोन प्रकारे सुरू होतो. ‘स्टार्ट-डेव्ह’ म्हटलं की लगेच चालू होतो. सोबतचा छोटा डेटाबेस वापरतो आणि सुरक्षेचे बरेच नियम सोडून देतो. शिकायला हे उत्तम. धोका असा की, चालतंय ना, मग राहू द्या, असं म्हणून लोक त्यावरच खरी खाती टाकतात. खऱ्या कामासाठी ‘स्टार्ट’, मागे पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेस आणि पुढे एचटीटीपीएसची जबाबदारी घेणारा एन्जिनएक्स किंवा कॅडी. ‘मास्टर’ नावाचं मूळ क्षेत्र कारभाऱ्यांसाठी ठेवून संस्थेचं वेगळं क्षेत्र बनवायचं. चुकीचे पासवर्ड सलग टाकणाऱ्याला अडवायची सोय आत आहे, पण ती चालू केलेली आहे की नाही हे स्वतः जाऊन पाहायचं. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून फुकट मिळतं. ते नव्वद दिवस चालतं आणि आपोआप नवं होतं. ते खरोखर होतंय ना, हे पहिल्या तीन महिन्यांत एकदा बघावं.

पहिला अडथळा जवळजवळ ठरलेला. सगळं जोडून झालं, बटण दाबलं आणि पडद्यावर येतं, ‘इनव्हॅलिड पॅरामीटर: रिडायरेक्ट यूआरआय’. कोड कोणत्या पत्त्यावर परत पाठवायचा ते ओळख-सर्व्हरला आधी कळवलेलं असतं आणि आलेला पत्ता त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. शेवटची एक तिरकी रेघ कमी पडली किंवा ‘एचटीटीपीएस’ऐवजी ‘एचटीटीपी’ आलं तरी नकार. वैतागून पुष्कळ जण तिथे ‘काहीही चालेल’ असं सांगणारी चांदणी (*) टाकतात. लॉगिन चालू होतं, आणि त्याच घटकेला दुसऱ्या कुणाच्या पत्त्यावर कोड पळवून नेण्याची वाटही मोकळी होते. हा नकार त्रासाचा असला तरी तो तुमच्याच बाजूचा आहे.

सर्व्हर ठेवायचा कुठे? इथे बीडमध्ये बसून वेगळा विचार करावा लागतो. बरेच इंटरनेटवाले आता एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. अशा जोडणीवर बाहेरून तुमच्या यंत्रापर्यंत कुणी येऊच शकत नाही. मग एकतर जादा पैसे भरून कायमचा पत्ता घ्या, नाहीतर मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये महिन्याला काहीशे रुपयांत छोटा सर्व्हर भाड्याने घ्या. भाड्याचा सर्व्हर सोपा वाटतो. पण रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने शाळेसमोरची फायबर तोडली की संगणक कक्षातलं मूडल, जे शेजारच्या खोलीतच आहे, तेही उघडत नाही. कारण ओळख पटवणारा मुंबईत. उलट सर्व्हर शाळेत ठेवला तर वीज गेली की घरी पेपर तपासत बसलेले शिक्षक बाहेर. माझ्या मते जिथे जास्त माणसं जास्त वेळ बसतात तिथे तो असावा, म्हणजे शाळेत. इन्व्हर्टरवर, आणि राउटरही त्याच इन्व्हर्टरवर. सोबत एवढं करायचं की शाळेच्या आतल्या नेटवर्कमध्ये सर्व्हरचं नाव थेट त्याच्या आतल्या पत्त्याकडे वळवून ठेवायचं. मग फायबर तुटो, शाळेतलं काम चालू राहतं.

विजेचा एक उपद्रव मात्र पुस्तकांत सहसा सापडत नाही. टोकनाची मुदत मिनिटांत असते. कीक्लोकमध्ये प्रोग्रामला मिळणारं ‘ॲक्सेस टोकन’ मुळात पाच मिनिटांचं असतं. पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पायरीचा सहा आकडी कोड, जो मोबाइलमधल्या ॲपमध्ये दिसतो, तो दर तीस सेकंदांनी बदलतो. हे सगळं घड्याळावर चालतं. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते आणि रास्पबेरी पायच्या पाचव्या पिढीआधीच्या यंत्रांत तर वीज गेल्यावर चालणारं घड्याळच नाही. रात्री वीज जाते, इन्व्हर्टर उतरतो, पहाटे वीज येते, सर्व्हर उठतो; पण इंटरनेट अजून आलेलं नाही, म्हणून त्याला वेळ विचारता येत नाही. सकाळी साडेदहाला सगळ्यांचे पासवर्ड बरोबर, कोड बरोबर, आणि तरीही कुणालाच आत जाता येत नाही. माणसं पासवर्ड बदलत बसतात. अशा वेळी पहिल्यांदा सर्व्हरची तारीख बघावी. नवी बॅटरी स्वस्तात मिळते. वेळ कुणाला विचारायची हेही ठरलेलं बरं: सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, सेवा पुरवणारे आणि सरकारी संस्था यांना घड्याळं एनआयसीच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं आहे. शाळेनेही तेच करावं.

आता मूळ प्रश्न. खातं कुणाच्या नावाने उघडायचं?

सगळीकडचा रिवाज असा की ईमेल किंवा मोबाइल नंबर म्हणजे माणूस. बीड जिल्ह्यात हा रिवाज जागोजागी मोडतो. ईमेल पुष्कळदा महा ई-सेवा केंद्रवाल्याने फॉर्म भरताना स्वतःच काढून दिलेला असतो, त्याचा पासवर्ड त्याच्याकडेच. मोबाइल वडिलांचा. आणि ऊसतोडीच्या घरांत तर दसरा-दिवाळीच्या सुमारास आई-वडील टोळीबरोबर निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर थेट कर्नाटक. धारूर-शिरूरच्या वस्त्यांतून गेलेला कोयता मार्च-एप्रिलमध्ये परततो. मूल आजी-आजोबांकडे राहतं, नाहीतर शाळेच्या हंगामी वसतिगृहात. फोन मात्र फडात जातो. मुलाचा ओटीपी सांगलीच्या शिवारात वाजतो, तेव्हा बाप उसाची मोळी उचलत असतो. नंबर रिचार्ज न झाल्याने बंद पडतो आणि काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर दुसऱ्याला देते. तेव्हा तो दुसरा माणूस या मुलाच्या ओळखीचा मालक होतो.

शाळेकडे याचं उत्तर कधीचंच आहे. जनरल रजिस्टर, ज्याला जुनी माणसं दाखल-खारीज म्हणतात. त्यातला नंबर एकदा दिला की त्या मुलाचा. तो शाळा सोडून गेला तरी दुसऱ्याला दिला जात नाही. ओपनआयडी कनेक्टमध्ये टोकनात जो न बदलणारा क्रमांक असतो, त्याच्याबद्दलचा नियम शब्दशः हाच आहे: एकाला दिलेला क्रमांक पुन्हा कुणाला देऊ नये. म्हणून विद्यार्थ्याचं लॉगिन-नाव रजिस्टर नंबरावर ठेवावं, आणि नेक्स्टक्लाउड-मूडलला जोडताना खातं ईमेलने न जुळवता सर्व्हरच्या क्रमांकाने जुळवावं. पासवर्ड विसरला तर एसएमएसची वाट पाहायची नाही. वर्गशिक्षकाने समोर मूल बघून नवा तात्पुरता पासवर्ड द्यायचा, पहिल्या लॉगिनला तो बदलावा लागेल अशी खूण कीक्लोकमध्ये करता येते. वर्गशिक्षकापेक्षा मुलाला अधिक खात्रीने ओळखणारी यंत्रणा अजून निघालेली नाही. शिक्षकांना आणि कारभाऱ्यांना मात्र दुसरी पायरी हवीच, आणि ती मोबाइल-ॲपमधल्या कोडची. तो कोड फोनच्या आतच तयार होतो. रेंज नसली, रिचार्ज संपला, तरी येतो.

नंबर वापरण्याचं आणखी एक कारण खास आपलं आहे. नावं आणि पासवर्ड देवनागरीत ठेवता येतात, तंत्राची आडकाठी नाही. पण ‘ऱ्हास’ या शब्दातला ऱ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर फरक दिसत नाही. ‘ॲ’चंही तसंच, एका कीबोर्डवर ते एक अक्षर असतं, दुसऱ्यावर अ आणि त्यावर चंद्र. ऱ ची दोन रूपं एक मानण्याचा नियम युनिकोडमध्ये आहे, ॲ च्या बाबतीत तोही नाही. घरी मोबाइलवर ठेवलेला पासवर्ड शाळेच्या संगणकावर नाकारला जातो आणि खिडकीत नुसते काळे ठिपके दिसत असल्याने बिचाऱ्याला कारण कळायचा मार्गच नसतो. लॉगिनचं पान, सूचना, चुकांचे निरोप सगळं मराठीत करावं. ते कीक्लोकमध्ये करता येतं आणि केलंच पाहिजे. लॉगिन-नाव आकड्यांत आणि पासवर्ड रोमन अक्षरांत राहू द्यावा.

पासवर्डबद्दल फार पाल्हाळ नको. गावाचं नाव, मध्ये ‘ॲट’, पुढे एक-दोन-तीन, हा आपला राष्ट्रीय पासवर्ड आहे, आणि चोरालाही ते ठाऊक आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेने २०१७ मध्येच सांगून टाकलं की ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका. त्यापेक्षा लांब असू द्या आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत तो नाही ना ते तपासा. दर तीस दिवसांनी बदल मागणारं खातं दिसलं की समजावं, तिथे कुणी नवीन काही वाचलेलं नाही.

संगणक कक्षात एक धोका वेगळाच. एका यंत्रावर तासातासाला नवी मुलं बसतात. पहिल्या मुलीने मूडलमधून लॉगआउट केलं तरी ब्राउझरमध्ये ओळख-सर्व्हरशी तिचं सत्र चालूच असू शकतं. पुढच्या मुलाने मूडल उघडलं की त्याला पासवर्ड न विचारताच तिचं खातं समोर. एकदा लॉगिन केलं की सगळीकडे आत, या सोयीची ही उलटी बाजू. कीक्लोकमध्ये सत्र मुळात अर्धा तास रिकामं राहिलं तर, आणि कसंही झालं तरी दहा तासांनी, संपतं. विद्यार्थ्यांसाठी हे आकडे बरेच खाली आणावेत, ‘लक्षात ठेवा’ची चौकट काढून टाकावी, आणि कक्षातले ब्राउझर बंद करताच सगळं विसरतील असे ठेवावेत. एका ठिकाणी लॉगआउट केल्यावर सगळीकडून बाहेर पडायची सोय कागदावर आहे. प्रत्येक प्रोग्राम ती पाळतोच असं नाही.

दाखल करण्याचा उत्साह सगळ्यांना असतो, खारीज करायला कुणालाच वेळ नसतो. निवृत्त झालेले सर, तासिका तत्त्वावर सहा महिने येऊन गेलेल्या मॅडम, बारावी होऊन लातूरला शिकायला गेलेली पोरं. त्यांची खाती तशीच पडून राहतात. खरं तर सिंगल साइन-ऑनची सगळ्यात मोठी कमाई इथेच आहे. पूर्वी तीन ठिकाणी जाऊन तीन खाती बंद करावी लागत, एक विसरलंच जाई. आता एका जागी खूण काढली की नव्याने आत यायचे सगळे रस्ते बंद. पण ती खूण काढायला कुणीतरी नेमलेलं हवं. कार्यमुक्तीच्या आदेशावर मुख्याध्यापकांची सही होते, त्याच दिवशी क्लार्कने खातं बंद करावं. खातं पुसून टाकू नये, नुसतं बंद करावं, म्हणजे त्यांनी ठेवलेल्या फायली कुणाच्या होत्या ते कळत राहतं. आणि हे काम संगणकाच्या सरांकडे देऊ नये. कोण नोकरीत आहे आणि कोण नाही हे कचेरीला आधी कळतं.

कारभाऱ्याचा पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात असणं हा या सगळ्यातला सर्वांत वाईट प्रकार. तो माणूस आजारी पडतो, बदलून जातो, रागावतोही. दुसरं कारभारी खातं तयार करून त्याचा लांबलचक पासवर्ड कागदावर लिहून, सीलबंद पाकिटात, संस्थेच्या तिजोरीत ठेवावा. नेक्स्टक्लाउड आणि मूडलमध्येही ओळख-सर्व्हरवर अवलंबून नसलेलं एकेक कारभारी खातं राखून ठेवावं. सर्व्हर बसला तर आत शिरायला तेवढीच वाट उरते.

आणि लॉगिन भक्कम झालं म्हणजे घर राखलं गेलं, असं मानू नये. जानेवारी २०२३ मध्ये ‘वायर्ड’ मासिकाने ‘दीक्षा’बद्दलच बातमी दिली: दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावं, फोन नंबर, ईमेल आणि जवळपास सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती असलेल्या फायली क्लाउडवरच्या एका उघड्या साठवणीत वर्षाहून अधिक काळ पडून होत्या. त्या पाहायला लॉगिनची गरजच नव्हती. छोट्या शाळेत हाच प्रकार बॅकअपच्या पेनड्राइव्हने होतो. रोज रात्री डेटाबेसची प्रत निघाली पाहिजे, ती कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेली पाहिजे, आणि आठवड्याला एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर गेली पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे, तेव्हा शाळेच्या सर्व्हरवरची जवळपास सगळी नावं बालकांचीच. जात, आधार, बँक खातं यांपैकी काहीही ओळख-सर्व्हरवर टाकायची गरज नसते. रजिस्टर नंबर, नाव, इयत्ता एवढं पुरे.

हे सगळ्यांनी करावं का? नाही. वीसेक माणसं आणि एक-दोन प्रोग्राम असतील तर हा खटाटोप करू नये. एक चांगला पासवर्ड मॅनेजर घ्यावा आणि शांत झोपावं. सर्व्हर उभा केला की त्याला पोसावं लागतं. कीक्लोकच्या नव्या आवृत्त्या वर्षातून अनेकदा येतात, आणि जुन्यांच्या दुरुस्त्या मुक्त प्रकल्पाकडून फार काळ मिळत नाहीत. महिन्यातून एक दुपार त्यासाठी देणारा माणूस संस्थेकडे नसेल तर भाड्याची सेवा घेतलेली बरी. शेकडो खाती, तीन-चार प्रोग्राम आणि दरवर्षी येणारी-जाणारी माणसं असतील, तर मात्र स्वतःचा ओळख-सर्व्हर आपल्या कष्टांची भरपाई पहिल्याच वर्षी करतो.

करायचंच ठरवलं तर जून-जुलै टाळा, तेव्हा कचेरी प्रवेशांत बुडालेली असते. फेब्रुवारी-मार्चही टाळा, तेव्हा दहावी-बारावी. ऑगस्टमध्ये शिक्षकांपासून सुरुवात करा, एकच प्रोग्राम जोडा. दुसरा जोडण्याआधी एका शनिवारी बॅकअप दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर चढवून बघा. तो चढला नाही तर तो बॅकअप नव्हताच. विद्यार्थ्यांची खाती आणि पासवर्ड मात्र दसऱ्याच्या आत वाटून, प्रत्येकाकडून एकदा लॉगिन करवून घ्या.